महागूचा दहावा

ज्या माणसाचा दहावा मी रामपायलीजवळच्या नदीवर घातला, तो माणूस कधी जन्मालाच आलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात सध्या याबद्दल तीन हकिकती फिरताहेत. पहिलीत मी विधवा झाले आहे. दुसरीत मी कुठल्या तरी बाबाच्या नादी लागले आहे. तिसरी आमच्या शेजारच्या ज्योत्स्नाकाकू सांगतात, आणि तिच्यात मुंबईत कामं मिळेनाशी झाल्यामुळे माझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे. तिन्ही खोट्या आहेत. मला कामं मिळत होती.

मी चौदा वर्षं मालिकांमध्ये नर्स आहे. वेगवेगळ्या मालिका, वेगवेगळी इस्पितळं, पण नर्स मीच. नायिका पलंगावर पडलेली असते, घरातले सगळे आळीपाळीने रडतात आणि मी सलाइनची नळी धरून उभी असते. "डॉक्टर येताहेत," हे वाक्य मी इतक्या प्रकारे म्हटलं आहे की त्यावर एखाद्याला प्रबंध लिहिता येईल. चेहऱ्यावर काय आणायचं, हे मी स्वतःच ठरवायची. एकदा मी त्या वाक्यात थोडी भविष्याची चिंता आणली, तर दिग्दर्शकाने विचारलं, मॅडम, पोटात दुखतंय का.

कलेबद्दल माझी काही ठाम मतं आहेत. अभिनयात ग्लिसरीन म्हणजे पाप, हे पहिलं. दुःख आत असतं, ते तोंडातून काढायचं नसतं, हे दुसरं. डोळ्यात एकच थेंब यावा, तो गालापर्यंत पोचावा आणि तिथेच थांबावा, हे तिसरं, आणि याचा मी आरशासमोर भरपूर सराव केलेला आहे. पण नर्सच्या गालावरचा थेंब कोण बघतो? म्हणून मी ठरवलं की आपणच चित्रपट करायचा. चाळीस मिनिटांचा, आपल्या बालाघाटचा, आपल्या भाषेतला. लेखिका मी, दिग्दर्शिका मी, नायिकाही मीच. तिन्ही कामांसाठी माझ्याहून योग्य बाई माझ्या माहितीत नव्हती आणि अजूनही नाही.

गोष्ट साधी होती. यमुना नावाच्या गावातल्या बाईला लहानपणापासून नाटकात काम करायची हौस. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे बाजार, जत्रा आणि नाटक सगळं एकाच जागी. तर त्या नाटकात यमुनेला पार्ट करायचा असतो, पण नवरा महागू तिला जाऊ देत नाही. सातव्या पानावर तो मरतो. नवव्या पानावर ती तोंडाला रंग लावते. महागूला मी संपूर्ण पटकथेत एकच काम दिलं होतं, आणि ते म्हणजे वेळेवर मरणं.

परवानगीचं काम बाबांनी अंगावर घेतलं. बाबा, म्हणजे गोपाळकृष्ण, सिंचाई विभागातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून अर्जासारखा अर्ज लिहायला मिळाला नाही म्हणून उदास असतात. कचेरीतल्या अर्जात कार्यक्रमाचे चार प्रकार दिलेले होते, जुलूस, सभा, धार्मिक आणि सामाजिक. चित्रपट हा प्रकार नव्हता. बाबांनी आयुष्यात अर्जात खोटं लिहिलेलं नाही. त्यांनी सामाजिकवर खूण केली आणि तपशिलात हिंदीत स्वच्छ लिहिलं, "स्व. महागू की अंतिम यात्रा (फिल्म हेतु)". संगणकातून जो कागद बाहेर आला त्यात कंस आणि कंसातला मजकूर गळालेला होता. मी म्हटलं, दुरुस्ती करून घेऊ. बाबांनी कागद उलटा करून मागचा शिक्का दाखवला. त्यांच्या मते शिक्का गोल आणि पूर्ण उमटलेला असला की मजकुरात फार शिरायचं नसतं.

रामपायलीच्या अलीकडे एका गावात आम्ही मुक्काम टाकला. आम्ही म्हणजे मी आणि कॅमेरावाला पियुष. पियुष गोंदियाचा, लग्नांचे व्हिडिओ काढण्यात हात बसलेला, आणि मराठी समजत असली तरी बोलायला त्याला हिंदीच सोयीची. मुडद्याच्या भूमिकेसाठी मी फकिरा नावाच्या शेतकऱ्याची निवड केली. त्याला हालचाल न करता पडून राहता येईल का, असं मी त्याच्या बायकोला, विमलाबाईला विचारलं. ती म्हणाली, लग्न झाल्यापासून तेच तर पाहून राह्यली. रडायला अकरा बायका जमवल्या. त्यांच्या पुढारी शांताबाई. पासष्टीच्या, उंच, आणि पंचक्रोशीत कुठेही माणूस गेला तरी पहिलं बोलावणं त्यांना जातं. आमच्या भागात बाया हेल काढून रडतात, गेलेल्या माणसाशी बोलत बोलत, आणि त्यात शांताबाईंचा हात धरणारं कोणी नाही, असं मला सांगण्यात आलं होतं.

फकिराला अंगणात चटईवर निजवलं, पांढरं कापड घातलं, हार घातला. मी पांढरट लुगडं नेसून उशाशी बसले आणि तो एक थेंब तयार ठेवला. पियुषला खूण केली आणि म्हटलं, ॲक्शन.

कोणीच रडलं नाही. अकरा बायका माझ्याकडे पाहत राहिल्या. मी पुन्हा म्हटलं, तरी काही नाही. शेवटी शांताबाईंनी विचारलं, हा कोन होय? मी म्हटलं, महागू. महागू कोनचा? यमुनेचा नवरा. त्याले खायले काय आवडे? पोरं किती? कायनं मेला? मी सांगितलं की हे पटकथेत नाही, त्याची गरज नाही, तुम्ही फक्त रडा.

"फक्त कसं रडू बाई," शांताबाई म्हणाल्या. "मानसासाठी रडतेत. कापडासाठी नाही रडत."

इथे मी जी चूक केली ती माझ्या जागी मुंबईतली कुठलीही दिग्दर्शिका करणार नाही, कारण तिला हे प्रश्न कोणी विचारणारच नाही. मी वेळ वाचवण्यासाठी तोंडाला येईल ते सांगून टाकलं. म्हटलं, त्याला वांग्यात घातलेले सुके झिंगे, म्हणजे सुकट, आवडायचे. उकव्याच्या मँगनीजच्या खदानीत दोन वर्षं कामाला होता. मूलबाळ नाही. बस, आता रडा. मला वाटलं, तीन गोष्टींत भागेल.

शांताबाईंनी डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि जी सुरुवात केली ती चाळीस मिनिटं थांबली नाही. महागू उकव्याहून सुट्टीला यायचा तेव्हा यमुनेसाठी हिरव्या बांगड्या आणायचा आणि वाटेत फुटू नयेत म्हणून आपल्या सदऱ्यात गुंडाळायचा. हे मला माहीत नव्हतं. तिला ताप आला तेव्हा त्याने स्वतः वांगं-झिंगे रांधले आणि मीठ दोनदा घातलं. त्याने बैल विकला नाही, म्हातारा झाला तरी विकला नाही. मूल झालं नाही म्हणून सगळं गाव बोललं, पण तो एका शब्दानं बोलला नाही. शांताबाई थांबल्या की दुसरी बाई उचलायची, तिसरी भर घालायची. मी कट म्हटलं. कोणी ऐकलं नाही. पियुष कॅमेऱ्यामागे नाक पुसत होता. आणि कापडाखाली मुडदा हुंदके देत होता, त्यामुळे तो शॉट तसाही वाया गेला.

या सगळ्यात मी माझा थेंब गालापर्यंत आणून शिस्तीत थांबवला होता. काम मनासारखं झाल्याचं समाधान मला होतं. सगळ्या शांत झाल्यावर मी शांताबाईंना विचारलं, कसं वाटलं? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी प्रामाणिक कुतूहलानं विचारलं, "काहून बाई, तुले बरं वाटलं का तो मेला तं?"

चौदा वर्षं कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या बाईला हे ऐकावं लागणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळेल. मी त्यांना माझी ती मतं समजावून सांगितली, आतलं दुःख वगैरे. त्या सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, हौ, आत असल तं बाहेर येते ना. मग त्या विमलाबाईकडे चहा प्यायला गेल्या.

दुपारी आम्ही तिरडी नदीपर्यंत नेली. तिथे मी कट म्हटलं, फकिरा उठला, हार काढून विमलाबाईला दिला आणि जेवायला घरी गेला. माझ्या दृष्टीनं महागूचा विषय तिथे संपला होता. राहिला होता फक्त शेवटचा प्रसंग, मंडईचा, आणि तो गावच्या खऱ्या मंडईत, खऱ्या रंगमंचावर, याच बायकांना समोर बसवून घ्यायचा होता. मंडई बारा दिवसांनी होती. ती वर्षातून एकदाच भरते. ती चुकली की चित्रपट अर्धा राहणार होता आणि मी पूर्ण नर्स.

मधल्या दिवसांसाठी मी बालाघाटला घरी आले आणि चौथ्या दिवशी गावचे पंचायत सचिव दुलीचंद मोटरसायकलवरून आमच्या दारात हजर झाले. त्यांच्या हातात आमच्याच परवानगीची प्रत होती. कागदावर सरकारी शिक्क्यानिशी लिहिलेलं होतं की स्वर्गीय महागूची अंत्ययात्रा गावातून निघाली. मग त्याची मृत्यूनोंद कुठे आहे, असं त्यांना वरून विचारलं गेलं होतं. एकवीस दिवसांच्या आत नोंद पाहिजे. ते मला म्हणाले, म्याडम, मृतक की समग्र आयडी देना. समग्र म्हणजे आमच्या राज्यात प्रत्येक माणसाला मिळणारा सरकारी क्रमांक. मी म्हटलं, तो नाहीच. ते म्हणाले, नाहीच म्हणून तर नोंद करायची आहे. मी म्हटलं, तो कधीच नव्हता. दुलीचंद खुर्चीत टेकून बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. त्यांचं म्हणणं असं की मेलेल्या माणसाचा कागद करता येतो, जिवंत माणसाचाही करता येतो, पण न झालेला माणूस मेला तर त्याला रकाना नाही. त्यातून सरकारी हेल्पलाइनवर कोणीतरी याच नोंदीबद्दल तक्रार टाकून ठेवली होती, आणि तक्रारदार "संतुष्ट" म्हणाल्याशिवाय ती बंद होत नव्हती. बाबा आतून चष्मा पुसत बाहेर आले. बऱ्याच वर्षांनी त्यांना आपल्या जातकुळीचा माणूस भेटला होता. दोघांनी मिळून दोन तासांत सहा मसुदे केले आणि मला चहासाठी तीनदा उठवलं.

पाचव्या दिवशी गावाहून फोन आला. शांताबाई विचारत होत्या, दहाव्याला कोन कोन येऊन राह्यलं?

मी विचारलं, कोणाच्या? त्या म्हणाल्या, महागूच्या. मी त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं, की हा चित्रपट आहे, महागू मी लिहिला आहे, आणि ज्याला तिरडीवर नेलं तो फकिरा आत्ता शेतात धान कापतोय. शांताबाई म्हणाल्या, फकिराचं मले सांगू नको, फकिराले मी लहानपणापासून पाह्यलं. पण ज्याच्यासाठी गाव रडलं तो नदीवर गेला आणि परतून काही आला नाही. त्याले असं मधात लटकत ठेवशीन का? फकिराच्या बैलाचा पाय मुरगळला होता, ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि दोन बायांना स्वप्नात सदऱ्यात गुंडाळलेल्या बांगड्या दिसल्या होत्या. दहावा झाल्याशिवाय कोणी बाई मंडईत माझ्यासमोर बसणार नव्हती. हे त्यांनी रागानं सांगितलं नाही, नदीला पाणी आहे हे सांगावं तसं सांगितलं.

ही बातमी ज्योत्स्नाकाकूंना आमच्या आधी कळली. त्यांचा सल्ला होता की न मेलेल्याचा दहावा घालू नये, यमाकडे हिशेब जुळत नाही आणि तो दुसऱ्या कोणाला तरी उचलतो. मी विचारलं, कोणाला? तेव्हापासून त्यांनी आमच्या घरी येणं थांबवलं, इतपत तो सल्ला उपयोगी पडला. समोरच्यांचं मत पडलं की वैनगंगेवर, इथेच उरकून घे, गावात कशाला. बाबांचं मत होतं की संबंधितांना एक निवेदन द्यावं. मी तिघांचंही ऐकलं नाही. मला दिसत होतं की नदीकाठ, पिंड, बायका, सकाळचं ऊन, हे सगळं मला आयतं मिळतंय. पटकथेत दहावा नव्हता, पण सुज्ञ दिग्दर्शिका आलेला प्रसंग परत पाठवत नाही. शिवाय माझ्या मनात शांताबाईंचं ते वाक्य बसलेलं होतं, आणि नदीवर मी त्यांना दाखवून देणार होते की अभिनय कशाला म्हणतात.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर पोचलो. गाव आधीच आलं होतं. गुरुजींनी गोत्र विचारलं. मी म्हटलं, लिहिलेलं नाही. ते म्हणाले, माहीत नसेल तेव्हा कश्यप चालतं, आणि त्यांनी पुढचं सुरू केलं. मला आनंद झाला की निदान एका माणसाने माझ्या पात्राबद्दल जास्त चौकशी केली नाही. मूल नसल्यामुळे पिंड यमुनेने, म्हणजे मीच द्यायचा ठरला. भाताचा पिंड पत्रावळीवर ठेवला, शेजारी विमलाबाईने रांधून आणलेले वांगं-झिंगे. मीठ दोनदा घातलं होतं. पियुषने कॅमेरा लावला आणि आम्ही सगळे मागे सरून कावळ्याची वाट पाहू लागलो.

अर्जुनाच्या झाडावर चार कावळे होते. खाली एकही येईना.

पाव तास गेला, अर्धा गेला. बायका आपसात कुजबुजू लागल्या. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे, हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणती ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण ते मी लिहिलेलंच नव्हतं. मग एकेक जण पुढे होऊन कबूल करू लागला. फकिराने हात जोडून सांगितलं की तुझा म्हातारा बैल मी सांभाळीन. विमलाबाई म्हणाली, यमुनेले सणावाराले मी बोलावीन. कोणीतरी बिडी ठेवली. दुलीचंद सचिव कामासाठी आले होते, तरी त्यांनीही खाकरून सांगितलं की नाव रजिस्टरात कुठे ना कुठे चढवून घेऊ. पियुषसुद्धा कॅमेऱ्यामागून पुटपुटला, भैया, पिक्चर पूरी करेंगे, भरोसा रखो. कावळ्यांपैकी एकाने पंख साफ केले.

तासाभराने ऊन चढलं तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले. शांताबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तूच सांग आता. तू त्याची बायको. पैदा बी तूच केलं त्याले. तुले माहीत असंल त्याले काय पायजे होतं."

मी पुढे झाले. माझ्याकडे तयारी होती. महागूला काय हवं होतं हे पटकथेत स्पष्ट होतं, यमुनेनं नाटकात जाऊ नये. मी मान झुकवली, डोळ्यात तो थेंब आणला आणि मुंबईच्या शुद्ध आवाजात म्हटलं की मी कुठे जाणार नाही, मी मंडईत उभी राहणार नाही, मी तुझं घर सांभाळीन. मला सांगायला अभिमान वाटतो की आवाज कुठेही हलला नाही.

सगळ्यात खालच्या फांदीवरचा कावळा वळून पाठ करून बसला.

मागे एक बाई हसली. आणि मला इतका राग आला की मी सांगू शकत नाही. कावळ्याचा आला, त्या हसलेल्या बाईचा आला, पण सगळ्यात जास्त त्या महागूचा आला, ज्याला मी सात पानांत उरकलं होतं आणि जो आता माझ्या मानगुटीवर बसून माझ्याकडून बांगड्यांचे, बैलाचे, ताप आलेल्या दिवसांचे जाब मागत होता. मला माझाही राग आला. चौदा वर्षं मी दुसऱ्यांच्या दुःखाशेजारी नळी धरून उभी होते आणि स्वतःचं म्हणून जेव्हा दुःख लिहिलं तेव्हा त्यातल्या माणसाला काय आवडतं हेही विचारलं नव्हतं. मग मी जे बोलले ते कुठल्या आवाजात बोलले हे मला नंतर पियुषने ऐकवलं तेव्हा कळलं. ज्या बोलीचा हेल मोडायला मी मुंबईत दोन वर्षं सकाळी क्लासला जायची, त्याच बोलीत बोलले, आणि हेल काढून.

"जाईन मी," मी म्हटलं. "आयकून घे. मंडईत जाईन, तोंडाले रंग लावीन, पार्ट करीन. सारं गाव पाहील मले. तू होता तवा भेली मी, तू नाही म्हनशीन म्हनून तुले कधी इचारलंच नाही. तू नाही म्हनलाच नव्हता रे. मीच तुले न इचारता तुह्या तोंडी घातलं. आता इचारते तं तू नाही."

पुढे मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. नाक वाहत होतं, लुगडं डोक्यावरून घसरलं होतं, आणि डोळ्यातून थेंब नव्हे, धारा लागल्या होत्या आणि कुठेही थांबत नव्हत्या. माझ्या कुठल्याही मतात ते बसत नव्हतं. मागून शांताबाईंनी हेल उचलला, मग बाकीच्यांनी. आणि अर्जुनावरचा तोच कावळा, जो तासभर ढिम्म बसून होता, तो सरळ खाली उतरला, झिंग्यांकडे पाहिलंही नाही आणि पिंडाला चोच लावली.

गावाने एकदम सुस्कारा सोडला. दुलीचंदांनी तिथेच मांडीवर कागद ठेवून पंचनामा लिहिला की मृतक काल्पनिक असून त्यास कावळा शिवला आहे आणि गावाची काही तक्रार नाही. खाली सगळ्यात आधी सही फकिराने केली आणि पुढे "संतुष्ट" असंही लिहिलं. हेल्पलाइनवर तक्रार कोणाची होती ते असं कळलं. विमलाबाई म्हणाली की तो मुडदा झाल्या दिवसापासून धुसफुसत होता, आपल्यासाठी असं कोणी रडणार नाही म्हणून.

मी डोळे पुसत पियुषकडे गेले. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आपण आत्ता केलं आहे, हे कळायला मला कोणाच्या सर्टिफिकेटाची गरज नव्हती. मी म्हटलं, दाखव. त्याने दाखवलं. पडद्यावर अर्जुनाची फांदी होती आणि फांदीवर कावळा. पाच मिनिटं चाळीस सेकंद कावळा. मी पुढे झाले तेव्हापासून पियुष कॅमेरा कावळ्यावरच रोखून बसला होता, कारण मीच त्याला सांगितलं होतं की कावळा उतरेल तो क्षण चुकला तर तुझी खैर नाही. माझा फक्त आवाज होता.

मी लगेच ठरवलं की पुन्हा घ्यायचं. माझा चेहरा, जवळून, तेच शब्द. शांताबाई पत्रावळ नदीत सोडून हात धूत होत्या. मी त्यांना विनंती केली की बायांना पाच मिनिटं थांबवा. त्यांनी पदराला हात पुसले.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "मोठ्या मुश्कीलीनं गेला तो. आता परत बोलावू नको त्याले." आणि मग माझ्या डोक्यावरचा सरकलेला पदर नीट करत म्हणाल्या, "मानूस चांगला होता. तूच त्याले वाईट लिहलंस."

बालाघाटला परत येताना गाडीत मी त्यांच्यावर, पियुषवर आणि एकूण पक्षिजातीवर फुगून बसले होते. घरी आल्यावर ती पाच मिनिटं चाळीस सेकंद बाबांच्या टीव्हीला जोडून पाहिली. पहिल्यांदा पाहताना माझ्यातली नटी कळवळली. दुसऱ्यांदा पाहताना तिच्या शेजारी बसलेल्या दिग्दर्शिकेच्या लक्षात आलं की कावळा पाठ फिरवतो, आवाज फुटतो, कावळा मान वाकडी करून ऐकतो, आणि यात माझा चेहरा घातला असता तर लोकांनी मलाच पाहिलं असतं. महागू कोणाला दिसला नसता. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर मी नटीला सांगितलं की तुझा क्लोजअप नाही. ती काही वेळ रुसली. मग मी आधीची सात पानं फाडून टाकली आणि नवी लिहायला बसले. त्यात वांगं-झिंगे घातले, बांगड्या घातल्या, म्हातारा बैल घातला. महागूने यमुनेला कधीही नाही म्हटलं नाही. तिनं विचारलं नव्हतं, एवढंच.

मंडईच्या दिवशी आम्ही दुपारी, खरं नाटक सुरू व्हायच्या कितीतरी आधी, रंगमंच मागून घेतला. बाजारातून माणसं येऊन मंडपात बसू लागली. मी आत तोंडाला रंग लावून घेतला, आरशात पाहिलं, आणि सांगायला हरकत नाही, मी सुंदर दिसत होते. पियुषला बजावून ठेवलं होतं की आज कॅमेरा माझ्यावर, झाडावर हत्ती येऊन बसला तरी माझ्यावर.

पडद्याच्या फटीतून पाहिलं तर पहिल्या रांगेत गडबड चालू होती. अगदी मधोमध एक धुतलेलं पोतं अंथरलेलं होतं आणि त्यावर कोणी नव्हतं. मंडप भरला होता, माणसं बांबूंना धरून उभी होती, पण पोत्यावर कोणी बसत नव्हतं, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना आमच्या त्याच अकरा बायका राखण करत बसल्या होत्या. फकिरा तिथे बसायला आला आणि त्याला उठवलं गेलं. तो म्हणाला, मी तं त्याचा मुडदा होतो, मले तं बसू द्या. शांताबाई जागेवरून न हलता म्हणाल्या, "तू मुडदा होता. मानूस तो होता." फकिरा मागे जाऊन उभा राहिला.

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं, आणि कोणी मलाही विचारलेलं नव्हतं. डोळ्यात थेंब न आणताच आला. मी तो गालावर थांबवायचा प्रयत्न केला नाही. पडदा वर गेला, मी पुढे आले आणि पोत्याकडे पाहून पहिलं वाक्य म्हटलं. मंडपाच्या मागून कोणीतरी जोरात शिट्टी मारली. शांताबाई तिकडे वळल्या आणि म्हणाल्या, "थांब रे जरा. आधी त्याले आयकू दे."